घरी घेऊन जातो, सिस्टर

सकाळी ६.४५

कार्तिक लागला की वरणगाव अंधारातच उठतं. कापूस वेचायला निघालेल्या बायांनी भरलेले छोटे टेम्पो सुटतात, त्याच सुमारास आयुध निर्माणीतली पहिली पाळी गाठणाऱ्यांच्या मोटारसायकली निघतात, आणि हायवेवर सुरत-नागपूरच्या ट्रकांची रांग रात्रभर तुटलेली नसते. आमच्या दवाखान्यात येणारी मोडलेली हाडं बहुतेक या गर्दीतली. दवाखाना लहान आहे, वीस खाटांचा. हाडांचे डॉक्टर भुसावळहून येतात; साधी ऑपरेशनं इथे होतात, मोठं काही असलं की भुसावळ नाहीतर जळगाव. मी इथली स्टाफ नर्स, राहणारी गावातलीच. सात ते सात ड्युटी.

माझ्या ओळखीची शिकलेली माणसं मला विचारतात, हे लोक अर्धे उपचार टाकून घरी का जातात? अडाणी म्हणून ना? मला या प्रश्नाचा राग येतो. म्हणून एका दिवसात काय काय घडतं ते लिहून काढते आहे.

७.००

रात्रीच्या सिस्टरकडून चार्ज घेतला. सलाइन, इंजेक्शनं, लघवीची पिशवी, ताप हे सगळं झाल्यावर ती शेवटी म्हणाली, "तीन नंबरवाले आणि अकरा नंबरवाला घरी जायचं म्हणताहेत. सात नंबरच्या आजींच्या मुलाचाही फोन होता."

हे वाक्य जवळजवळ रोज असतं. डॉक्टरांचा सल्ला नसताना सुट्टी घेऊन जाणं म्हणजे डामा. दवाखान्यात सगळे हाच शब्द वापरतात. त्याचा एक कागद असतो. त्यावर लिहिलेलं असतं की मी माझ्या पेशंटला डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेत आहे, होणाऱ्या परिणामांची कल्पना मला दिली आहे. खाली पेशंटची सही किंवा अंगठा, नातेवाइकाची सही, साक्षीदार, तारीख, वेळ. सगळं आहे, फक्त "का नेता?" यासाठी रेघ नाही.

ती रेघ मी माझ्या वहीत ठेवते. नाव लिहीत नाही, फक्त दुखणं आणि कारण. पानं चाळली तर दिसतं: कापूस. पैसे संपले. बैलाला पाणी पाजायला कोणी नाही. चार दिवस झाले, ऑपरेशन करत नाहीत. पोलीस. दारू. घरी लहान पोरं. वैद्याकडे नेतो. परत कापूस. मांडीचं हाड मोडल्यावर काय होतं हे यांतल्या बहुतेकांना नीट कळलेलं होतं. कळूनही ते गेले.

८.१०

अकरा नंबर. काल रात्री फुलगावच्या बाजूला मोटारसायकल घसरली. डोक्याला मार, कानामागे सूज, तोंडाला दारूचा वास. शुद्धीवर होता, बोलत होता, आणि येताच म्हणाला, "मले काही झालं नाही. टाके घाला न् सोडा."

डोक्याच्या माराची हीच भीती असते. कवटीच्या आत रक्त साचत असलं तरी माणूस आधी काही तास चांगला बोलतो, चहा मागतो, घरी जातो, झोपतो. मग उठत नाही. म्हणून रात्रभर दर अर्ध्या तासाला त्याला हलवून उठवलं: डोळे उघडतो का, नीट उत्तर देतो का, सांगितलं तसे हातपाय हलवतो का. याला पंधरापैकी गुण देतात. १९७४ साली ग्लासगोच्या डॉक्टरांनी ही मोजणी बसवली, आज वरणगावात मी तीच करते. त्याचे पंधरा होते. पण डॉक्टरांना सीटी स्कॅन हवा होता आणि चोवीस तास नजरेखाली हवा होता.

रात्री त्याच्या मेव्हण्याने डामाचा कागद मागितला. सिस्टरने दिला नाही, ते बरोबर केलं. दारूच्या अमलात असलेल्या माणसाच्या सहीला अर्थ नसतो.

सकाळी तो शांत होता. मी स्टूल ओढून बसले. "भाऊ, घरी काय आहे एवढं?"

बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गाडी मोठ्या भावाची हाये. इन्शुरन्स संपलेला. तुम्ही पोलिसांत नोंद केली म्हने."

कारण हे होतं. अपघाताचा पेशंट आला की दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, त्याला आम्ही एमएलसी, म्हणजे मेडिकोलीगल केस, म्हणतो. लोकांना वाटतं की पेशंट निघून गेला की ती नोंदही मिटते. मिटत नाही. उलट, पुढे मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाई मागायची तर दवाखान्याचे कागद लागतात, आणि मधेच निघून गेलेल्याचे कागद अर्धवट राहतात. ठोकून पळालेल्या गाडीचा पत्ताच लागला नाही, तरी १ एप्रिल २०२२ पासून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळण्याची सोय आहे. त्यालाही कागदच लागतात.

आणि पोलीस आल्याशिवाय हात लावणार नाही, असं कोणताही दवाखाना म्हणू शकत नाही. एका जखमी स्कूटरस्वाराला मेडिकोलीगल केस म्हणून परत पाठवलं आणि तो वाटेत गेला. ते प्रकरण परमानंद कटारा यांनी सर्वोच्च न्यायालयात नेलं. १९८९ साली निकाल आला: आधी जीव, बाकीचं नंतर. जखमीला घेऊन येणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, हेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याखालच्या नियमांतच आहे. रस्त्यावर पडलेल्याला उचलायला लोक अजून घाबरतात म्हणून मी हे जिथे जमेल तिथे सांगते.

मी त्याला म्हटलं, नोंद झालेलीच आहे, तुम्ही राहिलात म्हणून वाढणार नाही. भावाशी मी बोलू का? तो "हो" म्हणाला. भाऊ फोनवर आधी दोन मिनिटं ओरडला, मग विचारलं, "डोक्याला किती लागलंय?" दहा वाजता स्वतः आला आणि स्कॅनला घेऊन गेला.

एक गोष्ट मी केसपेपरवर ठळक लिहून ठेवली: रोज पिणारा. अशा माणसाची दारू एकदम तुटली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, भिंतीवर नसलेले किडे दिसतात, आणि तो सुई उपटून पळू पाहतो. लोक म्हणतात मस्ती करतो. तो आजार आहे, त्याला औषध आहे, आणि ते आधीच सुरू केलं तर माणूस खाटेवर राहतो. भर्ती करतानाच पिण्याबद्दल विचारावं, तेही बायको आणि सासरे समोर नसताना.

९.३०

डॉक्टरांचा राउंड. तीन नंबर: बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, केळीच्या घडांनी भरलेल्या ट्रॉलीवरून पडला, गुडघ्याखालचं हाड फुटलं. पाय सुजून टम्म, पोटरीवर पाण्याने भरलेले फोड. पाय उशांवर उंच ठेवलेला, खालून प्लॅस्टरची पट्टी. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले, "अजून थांबू," आणि पुढच्या खाटेकडे वळले. डॉक्टर चांगले आहेत, हात चांगला आहे. पण त्या दोन शब्दांनी घरच्यांच्या मनात काय झालं ते मला बापाच्या चेहऱ्यावर दिसलं.

राउंड संपल्यावर तो माझ्या टेबलापाशी आला. "सिस्टर, चार दिस झाले. नुसतं सलाइन लावून ठेवलं. आपरेशन करायचं नसीन तं तसं सांगा. बिल वाढवून राह्यले का?"

माझ्या वहीत पैशाच्या खालोखाल हेच कारण येतं, आणि बाहेरच्या कोणाला ते सुचत नाही. माणूस दवाखान्यात पडून आहे, काही होताना दिसत नाही, रोजचा आकडा चढतो आहे. अशा वेळी तुम्ही किंवा मी दुसरं काय समजलो असतो?

मी त्यांना पोराच्या खाटेपाशी नेलं. त्यांचं बोट हातात घेऊन सुजलेल्या नडगीवर, फोड नव्हते तिथे, अलगद टेकवलं. कातडी ताणलेली, चकचकीत, गरम. मग दुसऱ्या पायावर त्याच जागी टेकवलं. तिथे कातडी सैल, चिमटीत धरली की बारीक सुरकुती पडते. "दादा, या मोडक्या पायावर अशी सुरकुती पडली की ऑपरेशन. आता कापलं तर टाके बसत नाहीत, जखम उघडी राहते, आत बसवलेली धातूची पट्टी दिसायला लागते, पू होतो. मग वर्षभर दवाखाना. डॉक्टर सुरकुतीची वाट बघताहेत."

बाप बराच वेळ दोन्ही पायांवर बोट फिरवत राहिला. नंतर दिवसभरात मी जेव्हा जेव्हा त्या खोलीत गेले तेव्हा तो पोराची नडगी बघत होता. घरी जायचं पुन्हा बोलला नाही. हे समजावायला मला पाच मिनिटं लागली असतील. ती पाच मिनिटं राउंडमध्ये नसतात, कारण डॉक्टरांना भुसावळला पोहोचून तिथलं ऑपरेशन गाठायचं असतं. दोष कोणाला द्यायचा यात मी पडत नाही. पण पहिल्या दिवशीच "साधारण आठ दिवस लागतील, का लागतील ते असं" एवढं बोललं गेलं, तर डामाचे कितीतरी कागद कोरे राहतील याची मला खात्री आहे.

११.१५

बिलाची खिडकी. इथे सगळ्यांचा आवाज चढतो.

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे. २ जुलै २०१२ ला ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपल्या खान्देशातला धुळे होता. जळगावला ती पुढच्या वर्षी, उरलेल्या राज्याबरोबर आली. २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात आणि रेशन कार्डाचा रंग कोणताही चालतो. मे २०२५ पासून केंद्राचीही योजना आहे: रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्याला ठरवून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत, रोख न भरता उपचार. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत.

पण आमचा दवाखाना वीस खाटांचा, योजनेत नाही. म्हणून आम्ही सांगतो, भुसावळला किंवा जळगावला चला, तिथे योजना आहे. नातेवाईक विचारतात, "मग पयले इथं कायले थांबवलं?" थांबवलं कारण रक्त वाहत होतं आणि आम्ही सगळ्यांत जवळ होतो. हे त्यांना पटतं. पण इथून निघालेली गाडी जळगावला पोहोचतेच असं नाही. रेफरची चिठ्ठी खिशात ठेवून कितीतरी जण मधेच गावाकडे वळतात. ते डामात मोजले जात नाहीत. आमच्या कागदावर ते "जळगावला पाठवले" असतात, जळगावच्या कागदावर आलेलेच नसतात.

सातपुड्यापलीकडून, मध्य प्रदेशातून केळीच्या आणि कापसाच्या मजुरीला आलेल्यांचं आणखी अवघड. रेशन कार्ड तिकडचं, राज्याची योजना इकडची. आयुष्मान कार्ड असलं तर ते इथेही चालतं, पण ते गावी पेटीत असतं. अशा वेळी फोटो मागवायचा, निदान नंबर तरी. मी मुकादमाला गाठते. मुकादमाला मजूर बरा झालेला हवा असतो, तो धावपळ करतो.

तरी एक सांगते. बिल शून्य असलं तरी लोक जातात. ऑपरेशन फुकट झालं म्हणून खाटेपाशी बसणाऱ्याची मजुरी कोणी भरून देत नाही. मोडलेल्याची बुडाली, बसलेल्याचीही बुडाली. वरून डबा, रिक्षा, मोबाइलचं रिचार्ज, जळगावला असाल तर रात्री झोपायची सोय. कापूस आठ दिवस झाडावर राहिला आणि वरून पाऊस आला तर वर्षाची कमाई काळी पडते. हे गणित घरात सगळ्यांना येतं, आणि त्यात पायाचं हाड मागे पडतं.

आपल्याकडेच असं होतं हेही खरं नाही. अमेरिकेत रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या दर शंभरातले एक-दोघे डॉक्टरांचं न ऐकता जातात. तिथे व्यसन आणि विमा नसणं ही कारणं वर असतात. नायजेरियातल्या हाडांच्या डॉक्टरांनी लिहिलेलं वाचलं तर पैसा आणि हाडवैद्य ही दोन कारणं पुढे येतात, म्हणजे थेट वरणगावच.

१२.४५

सात नंबरच्या आजी. अंगणात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. पायाला चिकटपट्टी लावून खाटेच्या पायथ्याशी वजन टांगलं आहे, खाटेखाली विटा. हे वजन फक्त दुखणं कमी करायला. या वयात खुब्याचं ऑपरेशन शक्यतो दोन दिवसांत व्हावं, नाहीतर पडून राहिल्याने पाठीला जखमा, छातीत कफ, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी. ऑपरेशनशिवाय घरी नेलेल्यांतले बरेच जण वर्ष पुरं करत नाहीत. आजींच्या हृदयाची तक्रार आहे म्हणून त्यांना जळगावला न्यायला सांगितलं आहे. मुलगा म्हणतो, "आता म्हातारी माणूस. कायले चिरफाड?"

मी त्यांना भात भरवत होते. विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की हा प्रश्न त्यांना आजवर कोणी विचारलाच नसावा. "मले उभं राह्यचं हाये, माय. निदान मोरीपर्यंत तं जाता आलं पाह्यजे."

बायांच्या बाबतीत हे फार होतं. शुद्धीवर असलेल्या, सज्ञान बाईच्या डामाच्या कागदावर नवरा सही करतो, दीर साक्षीदार होतो, आणि ती खाटेवर बसून बघत असते. मी अशी सही घेत नाही. पेशंट शुद्धीत असेल तर सही त्याची, आणि बाई असेल तर तिची. कायद्याने तो तिचा हक्क आहे, राहण्याचाही आणि जाण्याचाही. कागद तिच्या हातात दिला की कधी कधी ती म्हणते, "मी राह्यते दोन दिस." एवढं बोलायला तो कागद तिच्या हातात यावा लागतो.

३.२०

आठ वर्षांचा पोरगा, बोरीच्या झाडावरून पडलेला. परवा इथेच एक्स-रे काढला होता, कोपराच्या वरचं हाड. डॉक्टर म्हणाले होते रात्रभर ठेवा, बोटांवर लक्ष ठेवायचं आहे. घरच्यांनी वैद्याकडे नेलं. आज परत आणलं, कारण पोरगं रात्रभर रडत होतं.

बांबूच्या कामट्या, वर घट्ट फडकं, त्यावर लेप वाळून कडक झालेला. बाहेर आलेली बोटं सुजलेली, गार, वाकून आत आलेली. मी मधलं बोट अगदी हळू सरळ करायला गेले आणि पोरगं किंचाळलं. ती किंकाळी ऐकली की थांबायचं नसतं. हातातले स्नायू रक्तावाचून मरायला लागल्याची ती खूण असते, आणि रक्त पुरतं बंद झालं तर हाताशी सहाएक तास असतात. त्यानंतर स्नायू परत येत नाहीत, हात जन्मभर पंजासारखा वळलेला राहतो. फडकं कात्रीने उभं कापलं, खालचा कापूसही कापला, कामट्या काढल्या. डॉक्टरांना फोन. नाडी लागत होती, पण बारीक. बोटांचा रंग थोडा परतला. १०८ बोलावली आणि जळगावला आधी फोन करून सांगितलं की काय येतंय. ही गाडी महाराष्ट्रात २६ जानेवारी २०१४ पासून आहे, आत डॉक्टर असतो. तिच्याआधी अशा पोराला आम्ही भाड्याच्या जीपमध्ये घालत होतो.

आई सारखी म्हणत होती, "त्यांनी तं पैसे पन नाही घेतले वं." मी तिला रागावले नाही. वैद्याकडे लोक का जातात ते मी रोज बघते. तो गावात असतो. भर्ती करून घेत नाही. शेजारी बसून हात चाचपतो, घरचं विचारतो, अमुक दिवसांत जुळेल असं सांगतो. कापून सळई घालत नाही. यातल्या निम्म्या गोष्टी दवाखान्यालाही करता येतील. आम्ही ज्या पट्टीत मांडी अडकवतो, ती थॉमस स्प्लिंट, तिची गोष्ट मला फार आवडते. ह्यू ओवेन थॉमस हे मूळ वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातले, बाप लिव्हरपूलमध्ये हाडं बसवायचा. त्याने पोरांना डॉक्टरी शिकायला पाठवलं. पहिल्या महायुद्धात थॉमसच्या भाच्याने, रॉबर्ट जोन्सने, ती पट्टी आघाडीवर नेली आणि मांडीचं हाड मोडलेल्या सैनिकांचे मृत्यू झपाट्याने कमी झाले. हाडवैद्याच्या हातातलं ज्ञान दवाखान्यात आलं, हे झालेलं आहे.

म्हणून आसपासच्या वैद्यांना शिव्या देण्यापेक्षा मी त्यांच्याशी बोलते. दोनच गोष्टी मागते. हाड बाहेर आलं असेल किंवा हाडाजवळ जखम असेल तर बांधू नका, पाठवा. आणि बांधल्यावर बोटं गार, निळी, बधिर झाली किंवा सरळ करताना फार दुखलं तर रात्र असली तरी सोडा आणि पाठवा. काही ऐकतात. एकाने गेल्या पावसाळ्यात स्वतःच्या गाडीवर पेशंट आणून सोडला.

५.१०

बाहेरच्या बाकावर माणसं जमली. डामा ठरतो तो इथे. खाटेवरचा माणूस ठरवत नाही, दिवसभर बसून राहिलेली बायकोही ठरवत नाही. शेतातून, कामावरून सुटून पाचनंतर येणारा काका, मामा, मोठा भाऊ ठरवतो, ज्याच्या खिशातून पैसे जाणार असतात. डॉक्टर सकाळी समजावून गेलेले असतात, तेव्हा तो तिथे नसतो.

म्हणून भर्तीच्या रात्रीच मी तीन गोष्टी विचारून ठेवते. घरी मागे कोण आहे? पैशाचं कोण बघणार? ठरवणारा माणूस कोण, आणि तो कधी येतो? मग त्या माणसाच्या वेळेला डॉक्टरांचा निदान फोन तरी लावून देते.

आजींचा मुलगा आला. त्याच्याशी मी खुब्याचं काही बोलले नाही. विचारलं, "जळगावला त्यांच्यापाशी कोण बसणार होतं?" तो गप्प झाला. मग म्हणाला, "तेच तं. बायको कापसाले, मी दुसऱ्याच्या शेतात बटाईनं. पोरं शाळेत. कोन बसन?" म्हातारपण आणि चिरफाड हे तो लोकांना सांगत होता, आईपाशी बसायला माणूस नव्हतं, हे सांगायला लाज वाटत होती.

त्याने नेलंच. सही आजींनी केली, अंगठा. पण जाताना मी त्यांना नुसतं सोडलं नाही. एक्स-रे, केसपेपरची प्रत, गोळ्यांची चिठ्ठी, जळगावची रेफरची चिठ्ठी. दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचेखाली काय ठेवायचं, पाय दुमडू कसा द्यायचा नाही, ते सुनेकडून दोनदा करून घेतलं. "परत यायचं वाटलं तर या, कोणी बोलणार नाही," हे मुलाला ऐकू जाईल असं म्हटलं. डामा घेतला की दवाखाना पुन्हा दारात उभा करत नाही, असं गावोगाव लोक मानतात. त्या भीतीने किती माणसं उशिरा परत येतात! तो कागद म्हणजे नातं तोडल्याची चिठ्ठी नव्हे. घरी जाणाऱ्यालाही धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या आणि कागद मिळायलाच हवेत.

७.१५

चार्ज दिला. निघण्याआधी दोन फोन. पोराचा हात जळगावला पोहोचल्याबरोबर डॉक्टरांनी घेतला, बोटं गरम आहेत. आजींच्या मुलाला फोन केला तर तो म्हणाला, बहीण बोदवडहून उद्या येते आहे, ती बसायला तयार आहे, सोमवारी जळगावला नेतो. सोमवारी मी पुन्हा फोन करणार आहे.

तुमचं माणूस अपघाताने दवाखान्यात पडलं तर पहिल्याच रात्री डॉक्टरांना विचारा: ऑपरेशन कधी, आणि थांबायचं असेल तर का? घरात ठरवणारं जे कोणी असेल त्याला हे उत्तर स्वतःच्या कानाने ऐकू द्या. रेशन कार्ड आणि आधारचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. योजनेची चौकशी १५५३८८ किंवा १८००-२३३-२२०० या नंबरवर फुकट होते. न्यायचंच ठरलं तर एक्स-रे आणि केसपेपरची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. आणि शेजारचं कोणी कापसामुळे, गुरांमुळे माणसाला घरी आणत असेल तर त्याची गुरं दोन दिवस सांभाळा, नाहीतर दवाखान्यात एक रात्र तुम्ही जाऊन बसा.